नाशिकमध्ये शिकायला आलात? बस नंबरावरून नको, नाक्यावरून ओळखा

परदेशातून नाशिकला शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. त्यातले काही जण आखातात किंवा मॉरिशसमध्ये वाढलेले, घरी मराठी बोलणारे, पण देवनागरी पाटी वाचताना अडखळणारे असतात. त्यांनी हे स्वतः वाचावं. बाकीच्यांना त्यांच्या रूममेटनं, घरमालकांनी नाहीतर मेसच्या काकूंनी वाचून समजावून सांगावं. धुळे-नंदुरबारहून आलेल्यांनाही यातलं निम्मंअधिक लागू पडेल. नाशिकची बस पहिल्या आठवड्यात त्यांनाही चकवतेच.

नवीन आलेला माणूस उत्साहानं बसचे नंबर पाठ करायला बसतो. ते करू नका. मार्ग लांबवले जातात, फेऱ्या बदलतात, आणि थांब्यावरच्या माणसाला विचारलंत तर त्यालाही नंबर माहीत नसतो. त्याला माहीत असतं ते एवढंच, की ही गाडी 'द्वारकेवरून' जाते आणि ती 'सातपूरकडची' आहे. तुम्हालाही तेवढंच लागणार आहे. चार मोठी स्थानकं आणि सहासात नाके डोक्यात बसले की नाशिकमध्ये बसनं कुठेही जाता येतं.

पहिली पायरी: दोन बस वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या

शहरात धावते ती सिटीलिंक. महापालिकेच्या नाशिक महानगर परिवहन महामंडळानं ही सेवा ८ जुलै २०२१ ला सुरू केली. त्याआधी शहरातली बसही एसटीच चालवायची, म्हणून जुनी माणसं अजून सिटीलिंकलाही सरसकट एसटी म्हणतात. घरमालक आजोबा म्हणाले, 'कोपऱ्यावर एसटी मिळेल', तर कोपऱ्यावर लाल गाडीची वाट बघत उभे राहू नका.

खरी एसटी म्हणजे राज्य परिवहन महामंडळाची गाडी. ती गावोगावी जाते आणि शहराच्या आत मोजक्याच ठिकाणी थांबते. दोन्हींचे मालक वेगळे, तिकिटं वेगळी, पास वेगळे. एकाचा पास दुसऱ्यात चालत नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ते ऐकून मुली सिटीलिंकमध्येही अर्ध्या तिकिटाची मागणी करतात आणि कंडक्टरशी नाहक वाद होतो. ती सवलत एसटीची आहे.

घोळ होतो तो त्र्यंबकेश्वर आणि सिन्नरच्या बाजूला, कारण तिकडे दोन्ही गाड्या जातात. तुमचा पास ज्या गाडीचा, त्याच गाडीत चढा.

दुसरी पायरी: आल्या दिवशी बस पकडू नका

बसवरच्या लेखात हे वाचून नवल वाटेल, पण दोन मोठ्या बॅगा, झोप न झालेले डोळे आणि चालू न झालेलं सिमकार्ड घेऊन सिटी बसमध्ये चढण्यात शहाणपण नाही. पहिल्या दिवशी सरळ रिक्षा किंवा टॅक्सी करा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. इथे मीटरवर भरवसा ठेवून कुणी बसत नाही.

रेल्वेनं येणाऱ्यांनी एक गोष्ट घरूनच पाठ करून यावी. गाडी थांबते ते स्टेशन नाशिकरोड. तिथून मुख्य नाशिक, म्हणजे सीबीएसचा (जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाचा) भाग, साधारण नऊ-दहा किलोमीटर आहे. 'नाशिकला पोचलो' असा निरोप वसतिगृहावर गेला की तिकडची मुलं गेटवर येऊन उभी राहतात आणि तुम्ही अजून नाशिकरोडलाच असता. पोचल्यावर कुठे आहात ते नीट सांगा.

मुंबई विमानतळावरून रस्त्यानं आलात तर खासगी गाडी बहुधा मुंबई नाका किंवा द्वारकेच्या आसपास, उड्डाणपुलाखाली उतरवते. मध्यरात्री तिथे एकटं उतरायची वेळ येऊ नये अशा बेतानं तिकीट काढा. आपलं विमानतळ ओझरला आहे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथून येतानाही पहिल्यांदा टॅक्सीच बरी.

तिसरी पायरी: स्थानकं आणि नाके पाठ करा

यासाठी एक रविवार द्या. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

स्थानकांपासून सुरुवात करू. पंचवटीत निमाणी, गावाच्या मध्यावर सीबीएस, स्टेशनाशेजारी नाशिकरोड आणि मुंबई नाक्याजवळ महामार्ग बसस्थानक. सीबीएस म्हणजे कोर्टासमोरचं जुनं मध्यवर्ती स्थानक. त्याच्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत ठक्कर बाजार आणि मेळा अशी आणखी दोन एसटी स्थानकं आहेत. 'सीबीएसला उतर' असं कुणी म्हणालं तर जुनं की ठक्कर बाजार हे तिथल्या तिथे विचारा. ठक्कर बाजारला काही जण नवीन सीबीएसही म्हणतात.

सिटी बससाठी निमाणी, सीबीएस आणि नाशिकरोड ही तीन ठिकाणं महत्त्वाची. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला थेट गाडी नसेल, तर यापैकी एका ठिकाणी उतरून दुसरी पकडायची. द्वारकेलाही गाडी बदलता येते, पण नवख्या माणसाला मी द्वारका सुचवणार नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडून येणारा रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. चारी बाजूंनी वाहनं अंगावर येतात. हव्या त्या दिशेचा थांबा नेमका पलीकडे असतो आणि तिथला रस्ता ओलांडणं हे वेगळंच कौशल्य आहे. ते दुसऱ्या सत्रात शिका.

आता नाके. जुन्या नाशिकमधून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक नाका आहे, आणि रस्ता जिकडे जातो त्या गावाचं नाव नाक्याला लागलेलं आहे. मुंबई नाका, त्र्यंबक नाका, गंगापूर नाका, मखमलाबाद नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका, आडगाव नाका. यातला एकही नाका त्या गावात नाही, सगळे शहरातच आहेत. आडगाव नाका पंचवटीत आहे, आडगाव मात्र आग्रा रोडनं कितीतरी पुढे. मुंबई नाक्यावरून मुंबई अजून दीडशेच्या वर किलोमीटर आहे. 'आडगावला जायचंय' म्हणून आडगाव नाक्यावर उतरलेला विद्यार्थी हा दर जूनमधला प्रकार आहे.

उलट बाजूनं पाहिलं तर नाका ही तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. कॉलेज कोणत्या रस्त्यावर आहे ते बघा. त्या रस्त्याचा नाका कोणता ते ओळखा. मग बस त्या नाक्यावरून जाते का एवढं विचारा. बस.

'फाटा' लागला की आणखी सावध. फाटा मोठ्या रस्त्यावर असतो आणि गाव तिथून आत. पाथर्डी फाटा महामार्गावर आहे, पाथर्डी गाव आत आहे. बसच्या पाटीवर नुसतं 'पाथर्डी' दिसलं तर कंडक्टरला विचारा, 'फाट्यापर्यंत की गावात?' तेवढ्या एका प्रश्नानं भर दुपारची पायपीट वाचते.

गंगापूरचं तर विचारूच नका. गंगापूर नाका आहे, गंगापूर रोड आहे, गंगापूर गाव आहे, गंगापूर धरण आहे, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गंगापूर नावाचा तालुकाही आहे. एसटीच्या आरक्षणात गंगापूर टाकताना जिल्हा बघून घ्या.

नाशिकरोडहून गावाकडे येताना लागणारे थांबेही तोंडपाठ करून ठेवा, कारण या रस्त्यावर प्रत्येकाला कधी ना कधी यावं लागतंच. बिटको, दत्त मंदिर, उपनगर, गांधीनगर, फेम, विजय-ममता, द्वारका, मग सारडा सर्कल, शालिमार, सीबीएस. यातली फेम आणि विजय-ममता ही नावं सिनेमागृहांवरून पडलेली. त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलचं नाव कंपनीवरून पडलेलं. मायको कंपनी आता बॉश या नावानं ओळखली जाते आणि कारखाना पुढे सातपूरला आहे. सर्कलला मात्र कुणी बॉश म्हणत नाही. थांब्याच्या नावाची पाटी शोधत बसलात तर नेमकं उतरायचं राहील.

चौथी पायरी: तुमचं कॉलेज कुठल्या दिशेला?

संदीप विद्यापीठ महिरावणीला, म्हणजे त्र्यंबक रोडवर. सीबीएस, त्र्यंबक नाका, सातपूर, आणि मग शहर संपून डोंगर दिसायला लागतात. सपकाळ कॉलेजवाल्यांना त्याच रस्त्यानं अंजनेरीकडे आणखी पुढे जायचं असतं. या रस्त्यावर शहरापासून लांब राहायला जाऊ नका असं मी सांगणार नाही, पण खोली घेण्याआधी संध्याकाळची परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघा. खोलीचं भाडं ठरवताना ही चौकशी कुणी करत नाही. मग दर महिन्याला रिक्षाचे पैसे जातात.

के. के. वाघ अभियांत्रिकी अमृतधामजवळ आहे. एमईटी आणि मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) वैद्यकीय महाविद्यालय आडगावला. हे सगळं आग्रा रोडच्या बाजूला, त्यामुळे निमाणी हे तुमचं स्थानक. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. तिकडेही निमाणीवरूनच.

गंगापूर रोडवर केटीएचएम अगदी अलीकडे आहे. अशोक स्तंभाला उतरलात तरी चालत जाता येतं. मुक्त विद्यापीठ मात्र त्याच रस्त्यावर पार धरणाच्या बाजूला. दोन्हींचा पत्ता गंगापूर रोड म्हणून एकाच बसनं सारख्याच वेळात पोचू असं धरू नका. एचपीटी-आरवायके आणि बीवायके कॉलेज रोडवर आहेत. बिटको कॉलेज आणि सामनगाव रोडवरचं शासकीय तंत्रनिकेतन नाशिकरोडला. त्या मुलांनी शक्यतो नाशिकरोडलाच राहावं. रोज सकाळी उलट दिशेनं द्वारका पार करण्यात काही हशील नाही.

पाचवी पायरी: पाटी वाचायला शिका

मराठी अक्षरं येत नसली तरी चालेल, देवनागरी आकडे मात्र आलेच पाहिजेत. एसटीच्या पाट्यांवर, फलाटांच्या क्रमांकांवर आणि वेळापत्रकात तेच असतात. परदेशी मुलं नेमकी तीन आकड्यांत फसतात. १ हा त्यांना नऊसारखा दिसतो, ४ हा आठसारखा, आणि ७ उलटा सहासारखा. कागदाच्या चिठोऱ्यावर दहाही आकडे लिहून मोबाईलच्या कव्हरमागे ठेवा. पहिला महिना ती चिठ्ठी फार उपयोगी पडते.

लिहिलेल्या आकड्यांइतकेच बोललेले आकडेही अडवतात. कंडक्टर म्हणतो 'पंचवीस' आणि समोरचा मुलगा पाच आणि वीस अशा दोन नोटा काढतो. बेरीज बरोबर येते, पण तो योगायोग. दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस, पस्तीस एवढे आकडे ऐकून ओळखता आले पाहिजेत. वेळ विचारली की उत्तर 'पावणेआठ', 'सव्वानऊ' किंवा 'अडीच' असं येतं. आखातात वाढलेली मराठी मुलंही इथे गडबडतात. पावणे म्हणजे पंधरा मिनिटं कमी, सव्वा म्हणजे पंधरा जास्त. चुकून उलटं समजलात तर अर्ध्या तासाचा फटका.

सिटीलिंकचं मोबाईल ॲप आहे. त्यात मार्ग दिसतात, बस सध्या कुठे आहे ते कळतं, तिकीट काढता येतं. भारतीय मोबाईल नंबर मिळाल्याशिवाय ते नीट चालू करता येणार नाही, म्हणून सिमकार्डाचं काम पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकून टाका. ॲप उघडून बसची वाट बघा, पण थांबा सोडून सावलीला जाऊन बसू नका. ॲपमध्ये बस दोन चौक लांब दिसते आणि तेवढ्यात ती समोरून निघून गेलेली असते.

सहावी पायरी: चढायचं कसं, विचारायचं कसं

निमाणीच्या स्थानकात सकाळी साडेआठच्या सुमाराला जाऊन उभे राहा. गाडी लागते न लागते तोच दाराशी घोळका होतो. पाटी वाचायला वेळ मिळत नाही आणि गरजही नसते. दारातल्या माणसाकडे बघून एकच शब्द मोठ्यानं टाकायचा, 'सातपूर?' मान उभी हलली की चढा. आडवी हलली की त्याच श्वासात पुढचा प्रश्न, 'मग कुठली?' तोच माणूस हातानं पलीकडची गाडी दाखवतो. नाशिकमध्ये रस्ता आणि बस विचारण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही आणि सांगणाराही कंटाळत नाही. कधी कधी तर दोघं जण दोन वेगळ्या गाड्या सुचवतात आणि आपापसात वाद घालत बसतात. तुम्ही कंडक्टरचं ऐका.

कंडक्टरला 'दादा' किंवा 'काका' म्हणा. महिला कंडक्टर असतील तर 'ताई'. जुने प्रवासी 'मास्तर' म्हणतात, तेही चालतं. इंग्रजीतून 'सर' म्हटलंत तर ते कानाला जरा परकं लागतं, पण राग कुणाला येत नाही. शेजारी बसलेल्या वयस्कर बाईंना 'मावशी' म्हणालात की त्या तुमचा थांबा येईपर्यंत तुमच्यावर लक्ष ठेवतात. हा अनुभव जवळजवळ सगळ्यांचा आहे.

पाच वाक्यं पाठ असली की पुरे:

'दादा, ही सीबीएसला जाते का?'
'एक द्वारका द्या.'
'द्वारका आली की सांगाल का?'
'मला पुढच्याला उतरायचंय.'
'थोडं सरकता का?'

'एक द्वारका' हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तिकीट असंच मागतात. आधी माणसं किती, मग थांबा. तिघं असाल तर 'तीन निमाणी'.

पुढच्या काही जागा महिलांसाठी आणि काही ज्येष्ठ, दिव्यांगांसाठी राखीव असतात. रिकाम्या दिसल्या तरी मुलांनी तिथे बसू नये. बसलातच तर कुणी आलं की न सांगता उठावं. पाठीवरची सॅक गर्दीत पुढे, छातीवर घ्या. त्यामुळे जागा कमी लागते आणि चेनवरही नजर राहते. सीबीएस आणि शालिमारच्या गर्दीत मोबाईल पँटच्या मागच्या खिशात ठेवणं म्हणजे तो दुसऱ्याला देण्यासारखंच आहे.

पैसे आणि तिकीट

भाडं टप्प्याटप्प्यानं वाढतं, म्हणून कुठे चढलात आणि कुठे उतरणार हे दोन्ही सांगावं लागतं. सुट्टे पैसे ठेवा. सकाळच्या पहिल्या फेरीला पाचशेची नोट काढलीत तर कंडक्टरच्या कपाळावर आठ्या पडणारच. यूपीआय तुमच्या हातात येईपर्यंत, म्हणजे इथलं बँक खातं सुरू होईपर्यंत, दहा-वीसच्या नोटांचं एक छोटं पाकीट वेगळं ठेवा.

सुट्टे नसल्यानं कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतात. उतरण्याआधी ते पैसे आठवणीनं मागून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारचे चार जण तेच करत असतात. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा. तपासणीस मध्येच चढतात आणि तिकीट नसलं तर परदेशी पाहुणा म्हणून सोडत नाहीत.

सातवी पायरी: उतरायची तयारी आधी

नवख्याची खरी फजिती चढताना होत नाही, उतरताना होते. तुमचा थांबा येण्याआधी एक थांबा असतानाच जागेवरून उठा आणि दाराकडे सरका. थांब्याचं नाव पुकारलं जाईलच या भरवशावर राहू नका. कंडक्टरच्या घंटीकडे कान ठेवा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन घंट्या वाजल्यावर 'अहो थांबा, उतरायचंय' असं ओरडण्याची वेळ येऊ देऊ नका. ओरडलात तर गाडी बहुतेक थांबेल, पण रस्त्याच्या मधोमध.

मोबाईलवर नकाशा उघडा ठेवणं चांगलंच. फक्त तुमचा परतीचा थांबा बरोबर समोरच असेल असं समजू नका. गावातले रस्ते अरुंद, त्यामुळे जातानाचा आणि येतानाचा थांबा कधी बराच लांब असतो. पहिल्यांदा उतरलात की लगेच जवळच्या दुकानात विचारून घ्या, 'परत सीबीएसला जायला बस कुठून?' संध्याकाळी अंधारात शोधण्यापेक्षा हे बरं.

पास काढा, पण पहिल्या दिवशी नको

दोन आठवडे रोख तिकिटानं फिरा. तुमचा रोजचा रस्ता ठरला, मधे गाडी बदलावी लागते का ते कळलं, की मगच सिटीलिंकचा विद्यार्थी पास काढा. कॉलेजचं बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो हे लागतंच. इथल्या मुलांकडे आधार असतं, तुमच्याकडे नसेल. त्याऐवजी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेऊन पास केंद्रावर समक्ष जा, सोबत कॉलेजमधला एखादा मराठी मित्र असू द्या. खिडकीवरच्या माणसाला परदेशी कागदपत्रं रोज दिसत नाहीत, समजावून सांगणारं कुणी असलं की काम एका खेपेत होतं.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना भारतात पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बसचा पास दोन आठवड्यांनी काढला तर चालेल, ही नोंदणी नाही.

रोज गावाबाहेरून एसटीनं येणार असाल तर एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते. तो पास स्थानकावर किंवा कॉलेजमार्फत निघतो. आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

शहराबाहेर जायचं असेल तर

एसटीनं जाताना कुठली गाडी कुठल्या स्थानकातून सुटते हा नाशिकमधला जुना डोकेदुखीचा विषय आहे. जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा, महामार्ग आणि नाशिकरोड, एवढ्या ठिकाणांहून गाड्या सुटतात आणि त्यांची वाटणी मधूनमधून बदलतेही. आरक्षण करताना स्थानकाचं नाव वाचा, आणि निघण्याआधी चौकशी खिडकीवर एकदा विचारा. अर्धा तास आधी पोचलात तर चुकीच्या स्थानकातून बरोबर स्थानकात जायला वेळ उरतो.

शनिवार-रविवारी त्र्यंबकेश्वरला जाण्याचा बेत सगळ्यांचाच असतो. साधारण तीस किलोमीटर. सकाळी लवकर निघा, आणि परतताना संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका.

रस्ते बंद असतात ते दिवस

हे बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही आणि ऐनवेळी तारांबळ उडते.

श्रावणातला तिसरा सोमवार. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी लाखभर नव्हे, त्याहून कितीतरी जास्त लोक त्र्यंबकला लोटतात. रविवारपासूनच त्र्यंबक रोड भरून वाहतो, खासगी गाड्या अडवल्या जातात, एसटी जादा गाड्या सोडते. महिरावणी-अंजनेरीच्या मुलांनी त्या दोन दिवसांत शहरात यायचं काम काढू नये. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेलाही त्या रस्त्यावर दिंड्या असतात.

गणेश विसर्जनाला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते आणि गावातले मुख्य रस्ते रात्री उशिरापर्यंत बसला बंद. रंगपंचमीला जुन्या गावात आणि पंचवटीत रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात. त्या दिवशी रंगायची तयारी असेल तरच तिकडे जा. बुधवारी गंगाघाटावर बाजार असतो, त्यामुळे पंचवटी कारंजा आणि रविवार कारंजाच्या आसपास बस रेंगाळते. गंगा म्हणजे गोदावरीच, इथे तिला सगळे गंगाच म्हणतात.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघतं. मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून पूर मोजतात. पाणी चढलं की रामकुंडाकडचे सखल रस्ते आणि लहान पूल बंद होतात, वाहतूक मोठ्या पुलांवर येते आणि निमाणी-सीबीएस या एरवी छोट्या अंतराला तिप्पट वेळ लागतो. त्या दिवशी परीक्षा असेल तर दीड तास आधी निघा.

आणि सिंहस्थ कुंभमेळा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबरला. त्यासाठी रस्त्यांची कामं चालू राहणार आणि बसचे मार्ग मधेच वळवले जाणार. या काळात शिकायला असाल तर अमृतस्नानांच्या तारखा कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवा. त्या दिवशी शहरात कुठेही बसनं वेळेवर पोचू असं गृहीत धरू नका.

वाहकांच्या थकीत वेतनावरून सिटीलिंकची सेवा बंद पडल्याचे प्रसंगही मागे आले आहेत. सकाळी थांब्यावर नेहमीची गर्दी आहे पण बराच वेळ एकही बस नाही, असं दिसलं की शेजाऱ्याला विचारा आणि सरळ शेअर रिक्षा बघा.

बस चुकली तर

रात्री नऊनंतर फेऱ्या विरळ होतात. लांबच्या रस्त्यांवर त्याही आधी. परतीच्या शेवटच्या दोन फेऱ्यांची वेळ कागदावर लिहून ठेवा, एक नाही, दोन. शेवटची हुकली तर आधीची कधी गेली एवढंच कळून उपयोग नसतो, म्हणून बेत नेहमी शेवटून दुसऱ्या गाडीचा करायचा.

शेअर रिक्षा मोठ्या रस्त्यांवर मिळतात. 'सीटवर येता का?' असं विचारा, म्हणजे पूर्ण रिक्षाचं भाडं सांगितलं जाणार नाही. शालिमार, सीबीएस, द्वारका, नाशिकरोड, सातपूर या ठिकाणी दिवसभर त्या भरून निघतात. रात्री उशिरा मात्र एकट्यानं सीटवर बसण्यापेक्षा ॲपवरून रिक्षा किंवा टॅक्सी मागवा, म्हणजे गाडीचा नंबर आपोआप मोबाईलमध्ये राहतो. तो वसतिगृहातल्या एखाद्याला पाठवा. काही वेडंवाकडं वाटलं तर ११२ हा क्रमांक सगळ्या तातडीच्या मदतीसाठी आहे.

वसतिगृहाचा पत्ता मराठीत लिहून त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि त्यात इमारतीच्या नावापेक्षा जवळचा नाका, सर्कल किंवा थांबा ठळक लिहा. रिक्षावाल्याला आणि कंडक्टरला सोसायटीचं नाव माहीत नसतं. 'पपया नर्सरीच्या पुढे' म्हटलं की गाडी बरोबर वळते.